नाशिकच्या महाविद्यालयात फुटबॉल संघ उभारताना: नव्या प्रशिक्षकाने खेळाडू कसे मिळवावेत

नाशिक जिल्ह्यात दमाची मुले उदंड आहेत. लहानपणापासून पायाशी चेंडू घेऊन वाढलेली मुले मात्र मोजक्याच वस्त्यांत सापडतात. महाविद्यालयीन फुटबॉल संघाची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर घेणाऱ्या प्रशिक्षकाने ही परिस्थिती आधी नीट समजून घ्यावी, कारण पुढची सगळी आखणी तिच्यावरच अवलंबून असते. जे थोडे तयार खेळाडू जिल्ह्यात घडतात, त्यांतले काही बारावीनंतर पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांकडे वळतात, काही सैन्याच्या किंवा पोलीस भरतीच्या तयारीला लागतात, काही घरच्या शेतीत किंवा यंत्रमागावर उभे राहतात, आणि उरलेल्यांवर शहरातील प्रत्येक महाविद्यालयाचा डोळा असतो. अशा वेळी नवा प्रशिक्षक बहुधा जुलैत निवड चाचणीची सूचना फलकावर लावतो, आलेल्या मुलांतून संघ निवडतो आणि त्यांच्यावर हंगाम काढतो. असे करू नये असे नाही, पण याला खेळाडू मिळवणे म्हणता येणार नाही. प्रवेश घेऊन जे आधीच आत आले आहेत, त्यांच्यातलीच ती निवड असते.

बाहेरून खेळाडू आणायचा असेल तर हे काम उलट्या क्रमाने करावे लागते. मुलगा राहील कुठे, जेवेल कुठे, सकाळच्या सरावानंतर पहिल्या तासाला वेळेवर कसा पोहोचेल आणि त्याच्या प्रवेशाचे कागद कोण पाहील, हे आधी ठरवावे आणि मगच गावोगाव फिरायला बाहेर पडावे. चांगला खेळाडू हेरणे हा या कामाचा सोपा भाग आहे. हेरलेला मुलगा दिवाळीनंतरही संघात राहतो की नाही, यावरच प्रशिक्षकाची खरी परीक्षा होते.

आधी महाविद्यालयाच्या आत

बहुतेक महाविद्यालयांत फुटबॉलचा प्रशिक्षक मानधनावर असतो आणि खेळांचा कारभार शारीरिक शिक्षण संचालकांकडे असतो. प्रशिक्षकाने पहिली भेट प्राचार्यांची न घेता या संचालकांची घ्यावी, असे माझे मत आहे. विद्यापीठाच्या पात्रता अर्जांवर सही कोणाची लागते, मागील वर्षी संघाला प्रवासभत्ता किती मिळाला, मैदान कोणत्या दिवशी क्रिकेटला आणि कोणत्या दिवशी छात्रसेनेच्या कवायतीला दिलेले असते, ही सारी माहिती त्यांच्याकडेच असते. त्यांना डावलून थेट वर गेलेला प्रशिक्षक पहिल्याच अर्जाला अडतो.

त्यानंतर प्राचार्यांकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात. वसतिगृहातील काही जागा खेळाडूंसाठी राखून ठेवल्या जातील का, आणि त्या जागांची यादी कोणत्या तारखेपर्यंत द्यावी लागेल, ही पहिली. सामन्याच्या दिवशीची गैरहजेरी पंचाहत्तर टक्के हजेरीच्या हिशेबात कशी धरली जाईल, ही दुसरी. सामन्यामुळे बुडालेली अंतर्गत परीक्षा पुन्हा घेतली जाईल का, ही तिसरी. या तीन प्रश्नांची उत्तरे हातात नसताना एखाद्या पालकाला शब्द देणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करण्यासारखे आहे. तोंडी होकारावर विसंबू नये. प्राचार्य बदलतात, आणि नव्या प्राचार्यांना जुन्या गप्पांची माहिती नसते.

खाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. सकाळी दीड-दोन तास धावणाऱ्या मुलाला खाणावळीतील दोन वेळच्या डब्यावर भागवता येत नाही, आणि ग्रामीण भागातून आलेला मुलगा भूक लागली असे स्वतःहून सांगत नाही. सरावानंतर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ, केळी आणि उकडलेली अंडी देण्याची सोय माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने करता येते. नव्या प्रशिक्षकाने देणगी मागायचीच असेल तर ती गणवेशासाठी न मागता या न्याहारीसाठी मागावी.

आपल्या संघाकडून कोण खेळू शकतो

नाशिकमध्ये नव्या माणसाची सर्वांत जास्त फसगत पात्रतेच्या बाबतीत होते, कारण या एका शहरात विद्यार्थी निरनिराळ्या छत्रांखाली शिकत असतात. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात, आणि विद्यापीठाच्या क्रीडा रचनेत नाशिकचा स्वतंत्र विभाग आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विभागाचा संघ, आंतरविभागीय स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ आणि तेथून पश्चिम विभागीय व अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी खेळाडूची वाट असते. परंतु त्याच शहरातील वैद्यकीय, दंत किंवा परिचर्या महाविद्यालयाचा विद्यार्थी १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा असतो, तंत्रनिकेतनातील पदविकेचा विद्यार्थी तंत्रशिक्षण मंडळाचा असतो, आणि खासगी विद्यापीठांतील विद्यार्थी त्या त्या विद्यापीठाचे असतात. रविवारच्या मैत्रीपूर्ण सामन्यात यांपैकी एखादा मुलगा डोळ्यांत भरला, तरी तो आपल्या संघातून विद्यापीठाची स्पर्धा खेळू शकत नाही.

सर्वांत मोठा खड्डा मुक्त विद्यापीठाचा आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकलाच आहे, आणि भरतीची तयारी करणारी किंवा दिवसा काम करणारी पुष्कळ मुले तेथून पदवी करतात. हा मार्ग त्यांच्या दृष्टीने योग्यच असतो. पण नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी असल्याशिवाय आंतरमहाविद्यालयीन संघात नाव घालता येत नाही. म्हणून एखाद्या मुलाशी खेळाविषयी बोलण्यापूर्वी त्याने प्रवेश कोठे घेतला आहे किंवा कोठे घेणार आहे, हे विचारावे.

कनिष्ठ महाविद्यालयाबाबतही असाच घोळ होतो. अकरावी-बारावीची मुले त्याच आवारात शिकत असली आणि त्याच मैदानावर सराव करीत असली, तरी ती विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळत नाहीत. त्यांच्यासाठी क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धांतील एकोणीस वर्षांखालील गट असतो, आणि त्याचे जिल्हास्तरीय आयोजन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय करते. ही अडचण वाटली तरी प्रत्यक्षात ती नव्या प्रशिक्षकाची सर्वांत मोठी संधी आहे. ज्या महाविद्यालयाला कनिष्ठ विभाग जोडलेला आहे, त्याने आपला एकोणीस वर्षांखालील संघ त्याच प्रशिक्षकाच्या हाती दिला, तर बारावीनंतर खेळाडू शोधत फिरण्याचे अर्धे काम वाचते. दोन वर्षे ज्याच्या हाताखाली खेळला, त्याला सोडून मुलगा सहसा दुसऱ्या दारात जात नाही.

आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वयाची मर्यादा सतरा ते पंचवीस वर्षे आहे. जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचे प्रमाणपत्र धरावे, आणि आधार कार्डावरील तारीख त्याच्याशी जुळते की नाही हे प्रवेशाच्या वेळीच पाहावे. तारखेतील तफावत स्पर्धेच्या आदल्या दिवशी लक्षात आली, तर मुलगा बाहेर बसतो आणि प्रशिक्षकाच्या हेतूविषयी शंका घेतली जाते.

जिल्ह्यात कोठे पाहावे

नाशिक जिल्ह्याचा पश्चिम भाग आणि पूर्व भाग हे दोन निराळे प्रदेश मानावेत. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा हा घाटाकडील पावसाचा, भातशेतीचा आणि मुख्यतः आदिवासी वस्तीचा भाग आहे. येवला, नांदगाव, चांदवड आणि सिन्नरचा बराचसा भाग अवर्षणाचा आहे. मधला निफाड-दिंडोरीचा पट्टा द्राक्षांचा आणि कांद्याचा आहे. शेतीचे वेळापत्रक वेगळे असल्यामुळे मुलांच्या सुटकेचे वेळापत्रकही वेगळे असते. इगतपुरी-पेठेकडे जुलैमध्ये भाताची आवणी चालू असते, तेव्हा शनिवार-रविवारच्या शिबिराला मुले येणार नाहीत. आली तरी घरच्यांचा रोष ओढवून येतील. पेठ-सुरगाण्याची पुष्कळ कुटुंबे द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागांवर मजुरीला उतरतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत पालकांना भेटायला पाड्यावर गेल्यास घराला कडी लावलेली दिसते. त्यांना बागेवरच गाठावे लागते, आणि तेही दिवसभराची मजुरी संपल्यावर.

फुटबॉलची जुनी सवय कोठे आहे, हे वसाहतींवरून कळते. देवळालीची लष्करी छावणी आणि तेथील तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र, ओझरची हिंदुस्थान एरोनॉटिक्सची वसाहत, नाशिकरोडच्या मुद्रणालयांच्या वसाहती, मनमाड आणि इगतपुरीच्या रेल्वे वसाहती या ठिकाणी देशभरातून बदलून आलेली कुटुंबे राहतात, आणि केरळ, बंगाल, गोवा किंवा ईशान्येकडून आलेल्या घरांतील मुलांना हा खेळ घरातूनच मिळालेला असतो. या मुलांचे पदलालित्य चांगले असते, पण वडिलांची बदली झाली की मुलगा जातो. संघाचा सगळा भार अशा मुलांवर टाकू नये. अशी दोन-तीन मुले मधल्या फळीत असावीत आणि त्यांच्याकडून बाकीच्यांनी शिकावे, एवढाच हिशेब ठेवावा. केंद्रीय विद्यालये आणि दिंडोरी तालुक्यातील खेडगावचे नवोदय विद्यालय यांच्याकडेही लक्ष ठेवावे. नवोदयची मुले वसतिगृहात वाढलेली असल्यामुळे शहरात आल्यावर लवकर रुळतात.

मालेगाव हे नाशिक शहरापासून शंभर किलोमीटरहून दूर आहे, आणि बहुधा म्हणूनच नाशिकचे प्रशिक्षक तिकडे फिरकत नाहीत. तेथे जाणाऱ्याने शुक्रवार निवडावा, कारण यंत्रमागांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते. दुपारच्या नमाजानंतर मैदानावर मुले भेटतात. उर्दू माध्यमाच्या शाळांतील मुलांना नाशिकच्या महाविद्यालयात कोणत्या माध्यमातून शिकता येईल आणि परीक्षा कोणत्या भाषेत लिहिता येईल, ही माहिती आधी काढून न्यावी. हा प्रश्न पालक सर्वांत आधी विचारतात आणि प्रशिक्षकाला त्याचे उत्तर ठाऊक नसते. रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्या खेळाडूंसाठी जड सराव इफ्तारनंतर घ्यावा, किंवा त्या महिन्यात चेंडूवरील हलके काम आणि डावपेचांची चर्चा एवढेच ठेवावे.

आदिवासी तालुक्यांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तेथे मिळणारी गुणवत्ता बाकी कोठे मिळत नाही आणि तिची हेळसांडही तेवढीच होते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून या भागातील दम सर्वांना माहीत झाला. आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय आणि विभागस्तरीय क्रीडा स्पर्धा दरवर्षी होतात. त्यांत धावणे, कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि हँडबॉल यांवर भर असतो. फुटबॉल प्रशिक्षकाने या स्पर्धा पाहायला अवश्य जावे. फुटबॉल दिसणार नाही, पण फुटबॉलपटू होऊ शकणारी मुले दिसतील. खो-खोतील पळती करणाऱ्या मुलाला दिशा बदलण्याचे जे कसब असते, ते शहरातील अकादमीत शंकू मांडून महिनोन्महिने शिकवावे लागते. हँडबॉल किंवा व्हॉलीबॉलचा उंच, पंजाने खंबीर मुलगा एका हंगामात कामचलाऊ गोलकीपर होऊ शकतो. कबड्डीचा बचावपटू अंगावर आलेल्या माणसाला घाबरत नाही, आणि मधल्या बचावपटूसाठी ही मोठी जमेची बाजू आहे.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगावी. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने सैन्यात गेल्यावर नौकानयन शिकून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये देशाचे प्रतिनिधित्व केले; हे उदाहरण देऊन कोणताही दमदार मुलगा कोणताही खेळ उशिरा शिकू शकतो असे पुष्कळदा सांगितले जाते. फुटबॉलच्या बाबतीत ते जपून घ्यावे. चेंडूचा पहिला स्पर्श सतराव्या वर्षानंतर सुधारतो, पण लहानपणी खेळलेल्या मुलाइतका सहज क्वचितच होतो. म्हणून धावपटू मुलाला सुरुवातीला बाजूचा बचावपटू किंवा प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावणारा मधल्या फळीतील खेळाडू म्हणून तयार करावे. सामन्याची सूत्रे त्याच्याकडे देण्याची घाई करू नये.

क्रीडाशिक्षकांशी नाते

जिल्ह्यातील खेळाडूंची खरी माहिती शाळांतील पीटीच्या सरांकडे असते. कोणत्या मुलाचे वडील दारू पितात, कोणाचे लग्न ठरण्याच्या बेतात आहे, कोण बारावीत नापास होण्याची शक्यता आहे, कोण सामना हरल्यावर रडतो आणि कोण दुसऱ्यावर खापर फोडतो, हे निवड चाचणीत कळत नाही. सरांना ते ठाऊक असते. नव्या प्रशिक्षकाने पहिल्या वर्षी मुलांची यादी करण्याऐवजी अशा आठ-दहा शिक्षकांची यादी करावी आणि त्यांच्याशी संबंध जोडावेत.

हे संबंध मागण्यातून जुळत नाहीत. एखाद्या तालुक्याच्या शाळेत जाऊन रविवारी मुलांसाठी विनामूल्य सराव शिबिर घ्यावे, शाळेच्या स्पर्धेला पंच म्हणून उभे राहावे, महाविद्यालयाचे जुने पण चांगल्या स्थितीतील चेंडू शाळेला द्यावेत, आणि त्या वर्षी काहीही मागू नये. दुसऱ्या वर्षी सरांचा फोन आपणहून येतो. मुलगा आपल्याकडे आल्यानंतर त्याची प्रगती सरांना कळवत राहावे, आणि तो विद्यापीठाच्या संघात गेला तर महाविद्यालयाच्या सत्कारात सरांना बोलवावे. पहिल्या शिक्षकाचे नाव न घेणाऱ्या प्रशिक्षकाला दुसरा मुलगा मिळत नाही.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी हंगामाचे गणित असे आहे. १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हास्तरीय फेऱ्या पावसाळ्याच्या सुमारास होतात आणि तेथे सतरा वर्षांखालील मुले-मुली दिसतात, म्हणजे पदवीच्या प्रवेशापूर्वी साधारण दोन वर्षे. त्यानंतर शालेय स्पर्धांतील एकोणीस वर्षांखालील गटाचे सामने असतात. बारावीचा खेळाडू पाहण्याची शेवटची योग्य वेळ तीच. जिल्हा फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांत क्लबमधून खेळणारी मुले दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात. त्या काळात कोणत्याही मुलाला चाचणीला बोलावू नये आणि फोनही करू नये. पुढे मे-जूनमध्ये त्याच्या वडिलांशी बोलायचे असते, आणि परीक्षेच्या दिवसांत खेळायला बोलावणारा प्रशिक्षक त्यांच्या लक्षात राहतो.

प्रवेशाचे वेळापत्रकही प्रशिक्षकाला पाठ असावे. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या प्रथम वर्षाचे प्रवेश निकालानंतर महाविद्यालयाच्या स्तरावर होतात, परंतु बीबीए आणि बीसीएसाठी २०२४ पासून राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा आहे. ज्या मुलाला तिकडे जायचे आहे त्याने तो अर्ज बारावीत असतानाच भरलेला असावा लागतो, आणि जूनमध्ये ही गोष्ट लक्षात आल्यास प्राचार्यांनाही काही करता येत नाही.

चाचणी कशी घ्यावी

चाचणीत फुटबॉल खेळवून पाहावे, ही गोष्ट सांगण्याची गरज पडू नये. तरी पुष्कळ ठिकाणी सोळाशे मीटरची धाव आणि शंकूंमधून चेंडू नेणे एवढ्यावरच निवड होते. धावेने भरतीची तयारी करणारी मुले पुढे येतात आणि शंकूंनी अकादमीतील मुले पुढे येतात. सामन्यात उपयोगी पडणारा मुलगा दोन्हींत मधल्या क्रमांकावर राहू शकतो.

साधारण तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद चौकटीत चार विरुद्ध चार असे चार-चार मिनिटांचे छोटे सामने लावावेत आणि प्रत्येक सामन्यानंतर संघांची सरमिसळ करावी. प्रशिक्षकाने गोलांकडे न पाहता दोन बाबी टिपाव्यात: चेंडू पायाशी येण्यापूर्वी मुलगा मान वळवून आजूबाजूला पाहतो का, आणि चेंडू गमावल्यावर पुढच्या दोन-तीन सेकंदांत तो काय करतो. हात झटकून उभा राहणारा मुलगा कितीही कुशल असला तरी त्याचे नाव दुसऱ्या यादीत टाकावे. दम पाहण्यासाठी वीस मीटरची बीप टेस्ट (वाढत्या वेगाच्या इशाऱ्यांवर वीस मीटर मागे-पुढे धावणे) पुरेशी आहे, आणि ती छोट्या सामन्यांनंतर घ्यावी. डाव्या पायाने खेळणाऱ्या मुलाची वेगळी नोंद करावी, कारण डावी बाजू सांभाळणारा नैसर्गिक खेळाडू शेवटी मिळेनासा होतो.

तालुक्यांतून येणाऱ्या मुलांकडे स्टड, म्हणजे तळाला खुंट्या असलेले फुटबॉलचे बूट, नसतात. अनवाणी किंवा साध्या कॅनव्हासच्या बुटांवर खेळणारा मुलगा ओल्या मैदानावर घसरतो, आणि त्याच्या घसरण्यालाच त्याचा खेळ समजले जाते. सहा ते नऊ क्रमांकांचे जुने स्टड आणि काही शिनगार्ड चाचणीच्या दिवशी मैदानावर ठेवावेत. सुरगाण्याहून येणारा मुलगा नव्वद किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून आलेला असतो. त्याला उतरल्याबरोबर मैदानात लोटू नये, आधी खाऊ-पिऊ घालावे. शक्य असेल तर चाचणीच त्या तालुक्यात न्यावी. एका प्रशिक्षकाचे भाडे वीस मुलांच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडते.

घरी गेल्यावर

पालकांशी बोलताना फुटबॉलचा विषय शेवटी काढावा. निफाडच्या बागायतदाराला मुलगा शेतापासून तुटेल अशी धास्ती असते, पेठच्या मजुराला चार वर्षे मुलाची कमाई थांबेल याची काळजी असते, आणि नाशिकरोडच्या नोकरदाराला मुलाच्या टक्क्यांची चिंता असते. तिघांना एकच भाषण देणारा प्रशिक्षक तिन्ही घरांतून चहा पिऊन परत येतो. वडिलांना "काका" म्हणावे, आईलाही बोलण्यात घ्यावे, आणि पीटीच्या सरांना शक्यतो सोबत न्यावे. निर्णय त्याच बैठकीत मागू नये.

सांगण्यासारख्या खऱ्या गोष्टी पुरेशा आहेत, त्यामुळे खोट्या सांगण्याचे कारण नाही. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला आदिवासी विकास विभागाच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करता येतो, आणि तेथे जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून निवास-भोजनासाठीची रक्कम बँक खात्यात मिळण्याची तरतूद आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्ती आणि शुल्क प्रतिपूर्तीचे अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर भरले जातात. या अर्जांना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. प्रशिक्षकाने मे महिन्यातच प्रत्येक मुलाची कागदपत्रे तपासून जे नसेल ते तहसील कार्यालयातून काढायला लावावे. चांगला खेळाडू हातचा जाण्याचे कारण अनेकदा दुसऱ्या महाविद्यालयाने दिलेले आमिष नसते. न निघालेला उत्पन्नाचा दाखला असतो.

नोकरीचे आश्वासन कधीही देऊ नये. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे हे खरे, पण त्यासाठी ठरावीक स्तरावरची, ठरावीक कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. महाविद्यालयाच्या संघात नाव असणे त्याला पुरत नाही. रोख पैसे देऊन मुलगा आणणाऱ्यांच्या वाटेलाही जाऊ नये. पैशाने आलेला मुलगा पुढच्या वर्षी जास्त पैशांकडे जातो, आणि जे पैशांशिवाय आले त्यांचे मन त्याच दिवशी उतरते.

मुलींचा संघ

मुलींच्या फुटबॉलमध्ये महाविद्यालयांचे संघ कमी असल्यामुळे चांगल्या खेळाडूला विभागाच्या आणि विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचण्याची संधी तुलनेने लवकर मिळते, आणि तरीही बहुतेक प्रशिक्षक मुलांच्या संघातच गुंतलेले राहतात. खो-खो आणि ॲथलेटिक्समधील मुली येथे चटकन तयार होतात. अडचण प्रवासाची येते: अहिल्याबाई होळकर योजनेखालील एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो, आणि पदवीला गेल्यावर तो बंद होतो. महिलांना एसटी भाड्यात २०२३ पासून पन्नास टक्के सवलत आहे आणि विद्यार्थ्यांचा सवलतीचा मासिक पासही आहे. यांपैकी मुलीला काय स्वस्त पडते, हे तिच्या अंतराप्रमाणे काढून पालकांना कागदावर दाखवावे. महिला व्यवस्थापक, कपडे बदलण्याची बंद खोली आणि अंधार पडण्यापूर्वी संपणारा सराव या तीन गोष्टींवाचून मुलींचा संघ जाहीर करू नये. बाहेरगावच्या सामन्याची माहिती मुलीच्या घरी प्रशिक्षकाने स्वतः फोन करून द्यावी.

भरती आणि संघ

ग्रामीण नाशिकमधील अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर भरती असते, हे प्रशिक्षकाने मनात राग न धरता मान्य करावे. अग्निवीर आणि पोलीस भरती या दोन्हींच्या मैदानी परीक्षेत लांब धाव असते. पोलीस भरतीत पुरुषांना सोळाशे मीटर आणि शंभर मीटर धावणे व गोळाफेक असते, महिलांना आठशे मीटर. "भरती की फुटबॉल" असा पेच मुलापुढे टाकला तर तो भरतीच निवडणार, आणि त्याच्या घरची परिस्थिती पाहता ते योग्यही ठरेल. त्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस संघाचा दमाचा सराव सोळाशे मीटरच्या तयारीशी जुळवून घ्यावा, वेळ घड्याळावर नोंदवून मुलाला द्यावी, आणि लेखी परीक्षेच्या अभ्यासासाठी संध्याकाळ मोकळी सोडावी. असे केल्यास भरतीसाठी खासगी अकादमीत जाणारा मुलगा आपल्याच मैदानावर थांबतो.

तरीही दरवर्षी काही मुले हंगामाच्या मधूनच जातील. म्हणून निवड करताना प्रत्येक जागेसाठी दोन नावे ठेवावीत, आणि दुसऱ्या नावाच्या मुलाला फक्त राखीव बाकावर न बसवता मैत्रीपूर्ण सामन्यांत पूर्ण वेळ खेळवावे. विद्यापीठाकडे नावे पाठवण्याची अंतिम तारीख आणि भरतीच्या मैदानी परीक्षेची तारीख एकाच तक्त्यावर लिहून ठेवावी. ज्याची परीक्षा स्पर्धेच्या आठवड्यात येते, त्याचे नाव आधीच बदलता येते. भरती झालेल्या मुलाशी संबंध तोडू नयेत. तो सुट्टीवर गावी येतो तेव्हा त्याला सरावाला बोलवावे, आणि त्याच्या गावातील पुढच्या मुलाच्या घरी जाताना शक्य झाल्यास त्यालाच बरोबर न्यावे.